डब्याच्या पिशवीतला बॅकअप

हेमेंद्र कापगतेच्या डब्याच्या पिशवीला दोन खण होते. खाली डबा, वर हार्डडिस्क. डब्यातलं वरण सांडलं की डिस्कला हिंगाचा वास यायचा. मग सकाळी आल्या आल्या तो ती रुमालाने पुसत बसायचा, लेकराचं तोंड पुसावं तसा. मला बघून राग यायचा. डिस्कचा नाही, अन् त्याचाही नाही. पण राग यायचा.

मी शकुंतलाबाई रहांगडाले. गोंदियातल्या एका स्कॅन सेंटरच्या काउंटरवर बसते. नाव विचारायचं, नंबर द्यायचा, "पाणी पिऊन बसा" म्हणायचं अन् दिवसभर लोकांच्या पोटाच्या, पाठीच्या कहाण्या ऐकायच्या. नवरा गेला तेव्हापासून हेच करून राहिली. मुलगा भुपेंद्र रायपूरला असतो. दर रविवारी फोन करतो, "आई, नोकरी सोडून कधी येतेस?" मी सांगते, "येतो ना रे बाबू, दिवाळी झाली का येतो." कोणती दिवाळी ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, पण ते राहू द्या. गोष्ट हेमेंद्रची आहे.

तो आमचा कॉम्प्युटरवाला. सीटी, एमआरआयचे फोटो मशीनमधून निघतात, मागच्या खोलीतल्या सर्व्हरमध्ये जातात अन् तिथून डॉक्टरांच्या टेबलावर. हे सगळं तो बघायचा. शिवाय प्रिंटर अडला की तोच, यूपीएस बोंबलला की तोच, पंख्याचं बटन तुटलं तरी तोच. कधी नाही म्हणाला नाही. त्याचं हेच चुकलं असं मी त्याला तोंडावर सांगितलं आहे.

सेंटर नवं होतं तेव्हा एका उन्हाळ्यात शॉर्टसर्किट झालं. सर्व्हर जळला. बॅकअपची डिस्क सर्व्हरच्याच डोक्यावर ठेवलेली, तीही जळली. किती लोकांचे जुने फोटो गेले त्याला हिशेब नाही. तेव्हापासून आमच्या डॉक्टर देवानंद साहेबांनी दोन नियम केले. सेंटर बंद करताना मेन स्विच ते स्वतः खाली पाडणार, अन् कुलूप ओढ ओढ ओढून बघणार. दुसरा नियम, महत्त्वाची वस्तू रात्री सेंटरमध्ये राहणार नाही. मग डिस्क कोणाकडे? "हेमेंद्र ले जाएगा. वो तो घर का आदमी है."

डॉक्टर वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. म्हाताऱ्या पेशंटला स्वतः हात धरून टेबलावर चढवतात. माझ्या नवऱ्याच्या आजारात रोज विचारपूस करायचे. पण "घर का आदमी" हे त्यांच्या तोंडून निघालं की समोरच्याने समजून घ्यावं, आपले पाय बांधले.

हेमेंद्रचे बांधलेच गेले. संध्याकाळी डिस्क घरी न्यायची, सकाळी आणायची. रेल्वेगाडीत न्यायची नाही, चोरी जाईल. दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, पाडून ठेवील. म्हणजे गोंदियाबाहेर त्याला एक रात्र काढता येईना. अन् त्याची बायको मंजू नागपूरच्या एका दवाखान्यात नर्स, मुलगी गुंजन तिच्याजवळ. हा रविवारी सकाळच्या गाडीने जायचा, संध्याकाळच्या गाडीने परत. एका सोमवारी तोंड उतरवून बसला होता. मी विचारलं, काय झालं. म्हणाला, "मावशी, गुंजननं दार उघडलं आन पयलेच विचारलं, बाबा, आज तुमची गाडी कितीची हाय?"

मी चहा मागवला.

त्याचं गाव अर्जुनीकडे. जातीने कोहळी, म्हणजे तलाव बांधणाऱ्यांचं घराणं. गावच्या तलावाचं दार उघडायचं, बंद करायचं काम वडिलांकडे, ईश्वरदासजींकडे. पावसाळा लागला की ते गाव सोडत नाहीत. हेमेंद्रच्या शाळेत बक्षीस होतं तेव्हा आले नाहीत, पाणी चढून राहिलं होतं. गुंजनच्या बारशालाही आले नाहीत, तेव्हाही पाणीच. "मी मनलं होतं मावशी, मी असा बांधून घेनार नाही. कॉम्प्युटर शिकीन, शहरात राहीन." हे तो डबा खाता खाता सांगायचा, अन् डिस्क बाजूला ठेवलेली असायची. मला हसूही यायचं अन् जीवही तुटायचा.

मग मार्चमध्ये मंजूच्याच दवाखान्यात कॉम्प्युटरची जागा निघाली. हेमेंद्र निवडला गेला. एक जूनला हजर व्हायचं. गुंजनची शाळाही जूनमध्येच सुरू होणार. तो पेढे घेऊन डॉक्टरांकडे गेला. दार अर्धं उघडं होतं, मी ऐकलं.

"अरे वा," डॉक्टर म्हणाले, "जा ना भाई, रोका किसने है? बस, बॅकअप की व्यवस्था करके जा."

मंजूला त्याने माझ्यासमोरच फोन केला. "साहेब हो मनले. बॅकअपची सोय लागली का येतो."

त्या दिवसापासून तो मागच्या खोलीत घुसला तो घुसलाच. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी डोकावली. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, माऊसला हात नाही, नुसतं टकटक चालू.

"हे काय करून राहिला?"

"कॉम्प्युटरले काम लिवून देऊन राहिलो मावशी. आधी हे कर, मंग ते कर. याले स्क्रिप्ट मनतेत. मंग मी नसलो तरी तो रोज करते."

"मनजे मी माहेरी जाताना जावेले सांगून जात होती तसं. आधी दूध तापव, मंग भात टाक."

"तसंच. फक्त जाऊ आयकत नसन, हा आयकते."

त्याने मला समजावलं ते मला समजलं तसं सांगते. क्लाउड म्हणजे दूर कुठे मोठमोठे कॉम्प्युटर आहेत, तिथे आपण भाड्याने जागा घ्यायची. त्या जागेला बकेट म्हणतात. दिवसभराचे स्कॅन गोळा करायचे, एकत्र बांधायचे, पासवर्डचं कुलूप घालायचं अन् तिकडे पाठवायचे. पोचलेलं अन् पाठवलेलं सारखंच आहे का ते ताडून बघायचं. डिस्कवरचा बॅकअप होताच, त्याला ही नवी वाट जोडायची. एवढं झालं की पिशवीतली डिस्क सुटली, अन् डिस्क सुटली की हेमेंद्र सुटला.

पण सुटका अशी सोपी असती तर. दिवसा नेट रिपोर्टांना लागतं, म्हणून त्याने पाठवायचं काम सेंटर बंद झाल्यानंतरचं लावलं. सकाळी बघतो तर काहीच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी डोक्याला हात लावून बसला. डॉक्टर जाताना मेन पाडून जात होते ना. सर्व्हर रात्रभर मेलेला. इतकी वर्षं रोज संध्याकाळी तो खटका ऐकून आम्हा सगळ्यांच्या कानाला त्याची इतकी सवय झाली होती की कोणाच्या डोक्यात आलं नाही.

तो डॉक्टरांना म्हणाला, सर, सर्व्हरला वेगळी लाईन देऊ, ती चालू राहील.

"और आग लगी तो? नागपूर से बुझाने आएगा?"

तो परत काळ्या स्क्रीनसमोर. आता त्याने दिवसभराचं सगळं बारीक बारीक तुकड्यांत तोडलं. दिवसाच पाठवायचं, पण हळू. काउंटरचं नेट अडायला लागलं की थांबायचं, मोकळं झालं की पुढचा तुकडा. मे महिन्यात गोंदियाची लाईट काय सांगून जाते? गेली की जिथे तुटलं तिथूनच पुढे सुरू. एकदा सुरू केलेलं पुन्हा पहिल्यापासून करायचं नाही. हे जमवता जमवता त्याचे डोळे आत गेले. मी घरून ताक आणून द्यायची.

एका दुपारी बाहेर आला अन् म्हणाला, "मावशी, चढलं. पूरं चढलं."

त्या संध्याकाळी डिस्क पहिल्यांदा कपाटात राहिली. तो पिशवी घेऊन निघाला अन् दारातून दोनदा परत आला, काहीतरी विसरलं असं वाटून. पिशवी हलकी लागत होती त्याला. मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या पाठीत एक धपका घातला अन् म्हटलं, "जा ना आता, काऊन घुटमळून राहिला?"

आता डॉक्टर. डॉक्टरांना क्लाउड फार आवडला. इतका की त्यांनी विचारलं, वर जागा किती आहे. हेमेंद्र म्हणाला, पाहिजे तेवढी. "तो पुराना सब ऊपर डाल दो. नीचे खाली करो, सर्व्हर भर गया है."

हेमेंद्र म्हणाला, "सर, हा बॅकअप आहे, माळा नाही. खालचं काढलं तर वर एकच प्रत राहते. मंग तो बॅकअप कशाचा?"

"अरे, ऊपर सेफ है ना? तूने ही बोला."

आमच्याकडे घरोघरी हेच चालतं. जे टाकवत नाही अन् लागतही नाही ते माळ्यावर. डॉक्टर तसेच वागले, त्यात नवल नाही. हेमेंद्रने मान हलवली. एक जून जवळ आला होता, वाद घातला असता तर आणखी आठ दिवस गेले असते. त्याने दुसरी प्रत म्हणून जुन्या स्कॅनच्या डिस्का कपाटात जपून ठेवल्या अन् सर्व्हरवरचं जुनं सगळं वर चढवून खालून काढलं. पण जुना फोटो रोज लागतो हो. दोन वर्षांपूर्वी गाठ केवढी होती, आता केवढी आहे, ते बघितल्याशिवाय डॉक्टर रिपोर्ट लिहीत नाहीत. म्हणजे रोज वरून काहीतरी खाली आणायचं आलं.

आणायला त्याने मला शिकवलं. पेशंटचा नंबर टाकायचा, एंटर मारायचं. मग मोबाइलवर सहा आकड्यांचा कोड येतो, तो टाकायचा, फोटो उतरतो. पाठवायला कोड लागत नाही, काढायलाच लागतो. मी विचारलं, काऊन? म्हणाला, "लोकायच्या शरीराचे फोटो आहेत मावशी. सर्व्हर चोरला, नाहीतर कोनी आत घुसलं, तर त्याले काहाडता नाही आलं पायजे, पुसता नाही आलं पायजे. दार उघडं टाकून कसा जाऊ?"

बरोबर होतं त्याचं. चुकलं ते दुसरीकडे. खातं उघडताना मोबाइल नंबर मागितला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "मेरा मत डाल यार. ये ओटीपी-वोटीपी में लोग लुट जाते हैं. तेरा ही डाल दे." अन् त्याने टाकला. नेटच्या कनेक्शनला त्याचाच नंबर, जनरेटरवाल्याकडे त्याचाच, मशीनच्या कंपनीकडे त्याचाच. आमच्या गावात दुकान मालकाचं अन् नंबर नोकराचा, त्यात कोणाला काही वाटतच नाही. त्यालाही वाटलं नाही, मलाही नाही.

शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी परीक्षा घेतली. "वो नागझिरावाला गाईड निकाल के दिखाओ. भालूवाला." त्या बिचाऱ्याचा खांदा अस्वलाने फोडला होता, फार जुना पेशंट. मी नंबर टाकला. स्क्रीनने कोड मागितला. हेमेंद्रच्या खिशात फोन टिंग वाजला. त्याने आकडे वाचले, मी टाकले, अन् हळूहळू तो खांदा उतरला, हाडाच्या चिरेसकट.

डॉक्टर खांद्याकडे बघत नव्हते. हेमेंद्रच्या खिशाकडे बघत होते.

"कोड तेरे पास आता है?"

"हो सर. तुमचा नंबर टाकून घेऊ. तुमच्या फोनवर एक कोड येईन, तो मले सांगा, झालं."

"कल करते हैं," डॉक्टर म्हणाले अन् सगळ्यांसाठी समोसे मागवले. मार्चपासून त्यांच्या कपाळावर एक आठी होती, ती त्या दिवशी गेली. मी समोरच उभी होती. सुटका हेमेंद्रची व्हायची होती अन् सुटल्यासारखं तोंड डॉक्टरांचं दिसत होतं. मला ते खटकलं, पण समोसा खाल्ला मी.

तो कल काही आला नाही. आज एमर्जन्सी, उद्या लग्न, परवा फोन घरी राहिला. एकतीस मेला शाल-नारळ झालं. हेमेंद्र नागपूरला गेला, नंबर खिशात घेऊन.

मग मी त्याला फोन करायला लागली. करणार काय? पेशंट टेबलावर झोपलेला, डॉक्टर आतून ओरडतात, "पुराना लाओ." मी नंबर टाकायची, एंटर मारायची अन् हेमेंद्रला फोन. "कोड सांग बाबा." तिकडून तो कुजबुजत आकडे सांगायचा, कारण तिथे ड्युटीवर फोन चालत नव्हता. संडासात जाऊन उचलायचा, खोटं कशाला बोलू. सकाळी एकदा, दुपारी दोनदा, कधी संध्याकाळी. मला लाज वाटायची. सुरुवातीला "कसा आहेस, गुंजन कशी आहे" विचारायची, मग तेही सोडलं, नुसतं "सांग" म्हणायची. तोही नुसते आकडे सांगायचा.

मी डॉक्टरांना म्हटलं, साहेब, तुमचा नंबर टाकून घ्या ना एकदाचा. ते म्हणाले, "चालू है ना, शकुंतलाबाई? चलती चीज़ को क्यों छेड़ना?"

गणपतीच्या सुमारास मंजूचा फोन आला. ती कधी मला फोन करत नाही. "मावशी, वाईट नोका मानू. त्यायच्या येथच्या साहेबानं ताकीद दिली. पुन्हा फोनवर दिसले तर कायम करनार नाही मनते. आन काल गुंजनच्या शाळेत कार्यक्रम होता. तिचा नाच चालू, आन ह्यायचा फोन वाजला. पोरगी स्टेजवरून उतरली आन म्हने, बाबा, शकुंतला आजी होती काय? कोड मांगत होती?" मंजू रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तो मानूस येथी आलाच नाही मावशी. गोंदियातच आहे."

मी जेवली नाही त्या दिवशी. डॉक्टरांवर संतापली, स्वतःवर संतापली. लेकराला माझं नाव माहीत होतं अन् ते असं माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात हेमेंद्र सुट्टी टाकून आला. वाळला होता. हातात एक बटनांचा छोटा फोन, त्यात नवं सिम. माझ्यासमोरच काळी स्क्रीन उघडली, आपला नंबर काढला, हा नवा घातला, कोड आला तो टाकला. झालं. एवढंच होतं ते. मग आम्ही दोघं फोन घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

"सर, हा सेंटरचा फोन. काउंटरच्या ड्रॉवरमध्ये राहीन. कोड यावरच येईन."

डॉक्टरांनी फोन उलटासुलटा करून बघितला. "ड्रॉवर में नहीं. चोरी हो जाएगा. रात को सेंटर में कुछ नहीं रहेगा, तुझे मालूम है." मग माझ्याकडे बघून हसले, खरंच प्रेमाने हसले. "शकुंतलाबाई ले जाएगी. रात-बेरात एमर्जन्सी आई तो इनको फोन कर लूंगा. ये तो घर की है."

हेमेंद्रचं तोंड पडलं. त्याला समजलं, माझ्या आधी समजलं. तो म्हणाला, "नोको सर, मीच ठेवतो, पयल्यासारखं चालू द्या," अन् फोन घ्यायला हात पुढे केला.

मी तो हात बाजूला केला अन् फोन माझ्या डब्याच्या पिशवीत टाकला.

"मावशी," तो म्हणाला, "रायपूर?"

"तुझी गाडी कितीची हाय?" मी विचारलं. "जा. गाडी सुटून जाईन."

तो वाकून पाया पडला. मी त्याला नीट आशीर्वादही दिला नाही. काउंटरवर पेशंट उभे होते, जाऊन बसली. ऑक्टोबरात मंजूचा निरोप आला, त्याला कायम केलं. मी देवापुढे साखर ठेवली, अन् मनापासून ठेवली, त्यात काही खोट नाही.

फोन रोज येतो माझ्याबरोबर. भाचीच्या लग्नाला आमगावला गेली नाही, रात्री राहावं लागलं असतं. कचारगडच्या जत्रेला बायकांनी बोलावलं, तिथे गुहेत रेंज नाही, तेव्हा तेही नाही. रात्री एमर्जन्सी आली की डॉक्टर सेंटर उघडून मला घरी फोन करतात, मी आकडे सांगते, ते थँक्यू म्हणतात. दोनदा मी त्यांना म्हटलं, साहेब, मला आता सोडा. "कल बात करते हैं," म्हणाले.

परवाच्या रविवारी भुपेंद्रचा फोन आला. "आई, दिवाळी तर कधीची झाली."

"हो रे बाबू," मी म्हटलं. "थोडी सोय लागली का येतो."

"कशाची सोय?"

आदल्या दिवशी पिशवीत वरण सांडलं होतं. एका हाताने कानाला फोन धरून दुसऱ्या हाताने मी तो बटनांचा फोन रुमालाने पुसून राहिली होती.